पॉलिहाऊसच्या डिफ्यूज फिल्मसाठी फिलर कसा निवडावा: तुलनेची सविस्तर पद्धत

पॉलिहाऊसवाले शेतकरी ज्याला सरसकट 'पेपर' म्हणतात, ती प्रत्यक्षात पॉलिथिलिनची, बहुधा २०० मायक्रॉन जाडीची फिल्म असते. या पेपरने केवळ पाऊस अडवावा एवढीच अपेक्षा आता उरलेली नाही. दुपारचे थेट ऊन त्याने विखुरून आत सोडावे, म्हणजे गुलाबाचा कोवळा शेंडा करपणार नाही आणि बेंडिंग केलेल्या, म्हणजे वाकवून ठेवलेल्या, खालच्या फांद्यांनाही उजेड मिळेल. थंडीच्या रात्री जमिनीतून निघणारी उष्णता त्याने अडवावी. आतल्या बाजूला साचलेल्या दवाचे थेंब पिकावर पडू नयेत. आणि हे सगळे सांभाळून त्याने तीन वर्षे उन्हात टिकावे. यांपैकी पहिली दोन कामे फिल्ममध्ये मिसळलेली बारीक भुकटी, म्हणजे फिलर, बऱ्याच अंशी करतो, आणि उरलेल्या दोन कामांत तोच फिलर अनेकदा खोडा घालतो. म्हणूनच फिलर निवडताना एकच आकडा पाहून निर्णय घेता येत नाही.

फिल्म काढणारे छोटे कारखानदार, मास्टरबॅच (फिलर भरपूर प्रमाणात मिसळलेले प्लास्टिकचे दाणे) बनवणारे आणि त्यांच्याकडून आलेल्या नमुन्यांतून एक निवडण्याची जबाबदारी असलेले तंत्रज्ञ यांच्यासाठी हा लेख आहे. तुलनेची सर्वांत प्रचलित पद्धत अशी असते: चार-पाच फिलर घ्यायचे, प्रत्येक पाच टक्के घालून फिल्म काढायची आणि ज्याचा हेझ, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशाचा वाटा, सर्वांत जास्त येईल तो उत्तम मानायचा. ही पद्धत मुळातच चुकीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पाच टक्क्यांना कोण किती पांढरे करतो, हा प्रश्नच नाही. फिल्मने ऊन आपल्याला हवे तेवढे विखुरावे, यासाठी कोणता फिलर किती उजेड खातो, हा खरा प्रश्न आहे. पुढची प्रत्येक पायरी या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी आहे.

आधी फिल्मची कामे उतरत्या क्रमाने लिहा

उदाहरण म्हणून मावळातले, तळेगाव दाभाड्याच्या परिसरातले गुलाबाचे किंवा जरबेराचे पॉलिहाऊस डोळ्यांसमोर ठेवू. पुण्याच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे १८.५ अंश उत्तरेला, मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर येतो. मे महिन्यात आकाश बहुतेक निरभ्र असते, ऊन थेट पडते आणि विखुरणाऱ्या फिल्मचा खरा उपयोग तेव्हा होतो. जुलैत मात्र मावळात आठवडे-आठवडे ढग हटत नाहीत. ढगांनी प्रकाश आधीच विखुरलेला असतो. त्या दिवसांत फिल्मने आणखी विखुरण्यासारखे काही उरत नाही, आणि फिल्म जो उजेड परत आकाशाकडे फेकते तो निव्वळ तोटा असतो. नेदरलँड्समधील वाखेनिंगेन येथील संशोधकांनी विखुरलेल्या प्रकाशाचे फायदे दाखवून दिले आहेत. पण तिथले निष्कर्ष उचलून आणताना त्यांचा उन्हाळा आणि आपला पावसाळा यांतला फरक विसरून चालत नाही.

त्यामुळे मावळासाठी माझा क्रम असा असतो: एकूण उजेड टिकवणे पहिले, विखुरणे दुसरे, भुरी रोगासाठी गंधक वापरूनही आयुष्य टिकणे तिसरे आणि रात्रीची ऊब चौथे. निफाडसारख्या, हिवाळ्यात पारा बराच खाली जाणाऱ्या भागासाठी ऊब वर सरकेल. हा क्रम कागदावर लिहून, ग्राहकाला दाखवून, त्याची संमती घेऊनच पुढे जावे. निकाल हाती आल्यावर क्रम ठरवायला बसलो, की आपल्या हातात आधीच असलेला फिलर पहिला ठरतो.

अपवर्तनांकाचा हिशेब

कण प्रकाश का विखुरतो? कणाचा आणि भोवतीच्या प्लास्टिकचा अपवर्तनांक, म्हणजे पदार्थ प्रकाशाला किती वळवतो याचे माप, वेगळा असतो म्हणून. एलडीपीईचा, म्हणजे या फिल्मच्या कमी घनतेच्या पॉलिथिलिनचा, अपवर्तनांक सुमारे १.५१ आहे. ज्या कणाचा अपवर्तनांक याच्या अगदी जवळ असेल तो फिल्ममध्ये दिसेनासा होतो. ज्याचा फार दूर असेल तो प्रकाश मागे फेकतो आणि फिल्म पांढरी पडते. आपल्याला या दोन टोकांमधले हवे असते.

दुसरी बाब कणाच्या आकाराची. प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच मोठे, म्हणजे ३ ते ८ मायक्रॉनचे कण आणि अपवर्तनांकात ०.०५ ते ०.१५ एवढाच फरक, असा मेळ जमला तर प्रकाश वळतो, पण बहुतांश पुढेच जातो. याउलट ०.२ ते ०.३ मायक्रॉनचे कण आणि मोठा फरक असेल तर प्रकाशाचा मोठा वाटा मागे फिरतो. रंगाच्या डब्यातला टायटॅनियम डायऑक्साइड नेमक्या याच आकाराचा दळलेला असतो, कारण भिंत झाकणे हे त्याचे काम आहे. पॉलिहाऊसमध्ये आपल्याला काहीच झाकायचे नसते.

फिलर नसलेली, अगदी स्वच्छ पॉलिथिलिन फिल्मही १०० टक्के प्रकाश आत सोडत नाही. १.५१ अपवर्तनांकामुळे प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो, म्हणून सरळ पडणाऱ्या प्रकाशासाठी ९२ टक्के ही साधारण कमाल मर्यादा ठरते. एखाद्या पत्रकात साध्या फिल्मसाठी '९५ टक्के पारदर्शकता' लिहिलेली दिसली, तर मोजमापाची पद्धत विचारून घ्यावी.

उमेदवार फिलर

कॅल्शियम कार्बोनेट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सहज मिळणारा. कॅल्साइटच्या स्फटिकाला दिशेनुसार १.४९ आणि १.६६ असे दोन अपवर्तनांक असतात, सरासरी १.६० धरावी. विखुरणे बऱ्यापैकी, कठीणपणा मोहच्या मापावर ३, त्यामुळे फिल्म काढणाऱ्या यंत्राचे स्क्रू आणि बॅरल झिजवत नाही. पण रात्रीच्या उष्णतेच्या बाबतीत तो फारसा कामाचा नाही. कार्बोनेटचे मुख्य शोषण ७ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास होते आणि आपल्याला शोषण हवे असते ८ ते १३ मायक्रॉनच्या पट्ट्यात (कारण पुढे 'रात्रीची ऊब'मध्ये). एका कामापुरता चांगला, दुसऱ्या कामात ढिला, असा हा गडी.

टाल्क, म्हणजे शंखजिरे, मऊ असते, मोहच्या मापावर १. त्याचा अपवर्तनांक १.५७ च्या आसपास असल्याने ते सौम्यपणे विखुरते आणि सिलिकेट असल्यामुळे ९ ते १० मायक्रॉनच्या आसपास उष्णता चांगली शोषते. त्याचे कण पापुद्र्यांसारखे असतात आणि फिल्म फुगवताना ते पृष्ठभागाला समांतर आडवे होतात, म्हणून प्रयोगशाळेत दाबून काढलेल्या तुकड्यावरचा हेझ आणि बबलमधून, म्हणजे हवेने फुगवलेल्या फुग्यातून, आलेल्या फिल्मचा हेझ जुळत नाहीत. टाल्कची तुलना फुगवलेल्या फिल्मवरच करावी.

भाजलेले केओलिन, म्हणजे पाणी उडवलेली चिनी माती, हा माझा आवडता उमेदवार. अपवर्तनांक सुमारे १.६२, सिलिकेट असल्यामुळे उष्णतेच्या पट्ट्यात भरपूर शोषण, आणि दरही आवाक्यातला. दोष दोन आहेत. मातीत लोहाचा अंश राहिला असेल तर तो उन्हात पॉलिथिलिनच्या विघटनाला हातभार लावतो. आणि वाळूचे कण नीट काढलेले नसतील तर ते यंत्र खरवडतात. केरळ किंवा कच्छमधून येणाऱ्या मालाच्या प्रत्येक खेपेसोबत लोहाचे प्रमाण आणि ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर राहणारा अवशेष मागून घ्यावा, आणि तो कागद फाइलला न लावता वाचावा.

बेरियम सल्फेटचा अपवर्तनांक १.६४, कण गोलसर आणि रासायनिकदृष्ट्या अगदी निवांत. आंध्र प्रदेशात कडप्प्याजवळ मंगमपेट येथे बॅराइटचा जगातल्या मोठ्या साठ्यांपैकी एक आहे, पण खनिजाचे पीठ आणि अवक्षेपित, म्हणजे रासायनिक प्रक्रियेने बनवलेले, बेरियम सल्फेट या दोन वेगळ्या वस्तू समजाव्यात. विखुरण्यासाठी अवक्षेपित प्रकारच घ्यावा. अडचण घनतेची आहे, ४.४. तिचा परिणाम पुढे पाहू.

सिलिकाचा अपवर्तनांक १.४६, म्हणजे पॉलिथिलिनपेक्षा कमी. तरीही फरक ०.०५ असल्याने तोही प्रकाश विखुरतो. उष्णता उत्तम शोषतो. पण बारीक सिलिकाचा पृष्ठभाग प्रचंड असतो, आणि तो पृष्ठभाग अतिनील किरणांपासून वाचवणारे रसायन आणि थेंबरोधक रसायन स्वतःकडे ओढून घेतो. तीन वर्षांचा पेपर दोन वर्षांतच फाटला, तर दोष कोणाचा हे शोधताना या शांत दिसणाऱ्या भुकटीकडे कोणी पाहत नाही.

सेंद्रिय मणी, म्हणजे प्लास्टिकचेच सूक्ष्म गोळे, एलईडी दिव्यांच्या डिफ्यूजरमध्ये नावाजलेले आहेत. मात्र तिथला अनुभव पॉलिहाऊसमध्ये जसाच्या तसा आणता येत नाही. ॲक्रिलिक मण्यांचा अपवर्तनांक १.४९ आहे, १.५८ च्या पॉलिकार्बोनेटमध्ये हा फरक उपयोगी पडतो, पण १.५१ च्या पॉलिथिलिनमध्ये केवळ ०.०२ उरतो आणि महागडा मणी जवळपास अदृश्य होतो. पॉलिस्टायरिनचे मणी १.५९ चे, म्हणजे आकड्यांत बरोबर बसणारे, पण उन्हात पिवळे पडणारे. सिलिकॉन रेझिनचे मणी, अपवर्तनांक सुमारे १.४३, हे ऑप्टिकदृष्ट्या सर्वांत सरस: पूर्ण गोल, एकाच मापाचे, उन्हाला न जुमानणारे. अडते ते फक्त किमतीपाशी.

टायटॅनियम डायऑक्साइड आणि झिंक ऑक्साइड मुख्य फिलर म्हणून घेऊ नयेत. रुटाइल या टायटॅनियम डायऑक्साइडच्या प्रकाराचा अपवर्तनांक २.७, झिंक ऑक्साइडचा २.०, दोन्ही उजेड मागे फेकतात. टायटॅनियम डायऑक्साइडवर योग्य लेप नसेल तर तो उन्हात उत्प्रेरकासारखा वागून फिल्मच खातो. झिंक ऑक्साइड अत्यल्प प्रमाणात आम्ल शोषण्यासाठी उपयोगी पडतो, ती वेगळी गोष्ट.

यांच्या जोडीला एक नाव तुलनेत अवश्य असावे, हायड्रोटाल्साइट, म्हणजे मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमचे एक संयुग. त्याचा अपवर्तनांक जवळपास १.५० असल्याने तो प्रकाश फारसा विखुरत नाही. पण उष्णता शोषतो आणि आम्लही बांधून ठेवतो. ज्या पिकाला ऊब हवी पण विखुरणे नको, तिथे तो एकटा चालतो, आणि मिश्रणात तो केओलिनचा भार हलका करतो.

वजनाचे टक्के घनफळात बदला

प्रकाशाला कणाचे वजन कळत नाही. त्याला वाटेत किती कण आले एवढेच कळते. १०० ग्रॅम मिश्रणात ५ ग्रॅम बेरियम सल्फेट घातले तर त्याचे घनफळ १.१४ घन सेंटिमीटर आणि ९५ ग्रॅम पॉलिथिलिनचे १०३.३ घन सेंटिमीटर भरते, म्हणजे घनफळाने सुमारे १.१ टक्का. तेवढ्याच वजनाच्या कॅल्शियम कार्बोनेटचे प्रमाण १.८ टक्के येते आणि १.३२ घनतेच्या सिलिकॉन मण्यांचे ३.५ टक्के. 'पाच टक्के' हा एकच शब्द वापरून आपण तिप्पट फरकाच्या गोष्टींची तुलना करत असतो. त्यातच कणाचा व्यास निम्मा झाला की तेवढ्याच वजनात आठपट कण मावतात, म्हणून कणांचे सरासरी माप नोंदवल्याशिवाय कोणताही निकाल लिहू नये.

माझी शिफारस अशी की प्रत्येक फिलरच्या घनफळाने ०.५, १, २ आणि ३ टक्क्यांच्या फिल्म काढाव्यात. भाजलेल्या केओलिनचे घनफळाने २ टक्के म्हणजे वजनाने सुमारे ५.५ टक्के, आणि बेरियम सल्फेटचे सुमारे ८.९ टक्के. मास्टरबॅचमध्ये केओलिन निम्मे असेल तर पूर्ण फिल्मला ११ टक्के मास्टरबॅच लागेल. फिलर फक्त मधल्या थरात घालायचा असेल आणि तो थर निम्म्या जाडीचा असेल, तर त्या थरासाठी प्रमाण दुप्पट होईल. हा शेवटचा गुणाकार विसरल्यामुळे फिकट निघालेल्या फिल्म मी पाहिल्या आहेत, काढल्याही आहेत.

चाचणीची फिल्म काढताना

कणांचे सरासरी माप ३ ते ५ मायक्रॉन असावे आणि सर्वांत मोठे कण शक्यतो १५ मायक्रॉनच्या आत असावेत. फिलर आणि मास्टरबॅच दोन्ही वाळवून घ्यावेत. आमच्याकडे एकदा भर जुलैत मास्टरबॅचची पोती आदल्या संध्याकाळी फोडून ठेवली होती आणि सकाळी तोच माल न वाळवता हॉपरमध्ये गेला. बबल वर चढला तसा त्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या लांबट भोकांची रांगच दिसू लागली, आणि पहिले दोन तास आम्ही दोष फिलरला देत होतो. भुकटीने शोषलेले ते पाणी होते.

तीन थरांची यंत्रणा असेल तर फिलर मधल्या थरात ठेवावा. बाहेरच्या थरात तो पृष्ठभाग खरखरीत करतो, त्यावर फेब्रुवारी ते मे या काळात धूळ चिकटते आणि विखुरण्यातून मिळवलेला फायदा धुळीत जातो. फिलर आणि अतिनील संरक्षक एकाच मास्टरबॅचमध्ये भरण्याचा मोह टाळावा. वितळलेल्या अवस्थेत जितका वेळ दोघे शेजारी राहतील तितके संरक्षक भुकटीला चिकटेल.

एलडीपीई थंड होताना त्यात स्फटिक तयार होतात आणि त्यांचाही थोडा हेझ येतो. तो बबलच्या थंड होण्याच्या वेगावर अवलंबून असतो. म्हणून सगळ्या फिल्म एकाच यंत्रावर, एकाच फुगवण्याच्या प्रमाणाने, हवेचा झोत न बदलता काढाव्यात आणि बबलवर जिथे धुरकट रेषा दिसते तिची डायपासूनची (वितळलेले प्लास्टिक जिथून बाहेर पडते तिथपासूनची) उंची प्रत्येक वेळी लिहून ठेवावी. सुरुवातीला एक आणि शेवटी एक अशा फिलर नसलेल्या दोन कोऱ्या फिल्म काढाव्यात. त्या दोघींचे आकडे जुळले नाहीत तर मधल्या सगळ्या नमुन्यांवर पाणी सोडावे. जाडी मायक्रोमीटरने किमान दहा ठिकाणी मोजावी. आमच्या पहिल्याच तुलनेत पहिला आलेला नमुना निव्वळ जाड होता, हे निकाल कळवून झाल्यावर लक्षात आले होते.

उजेड कसा मोजावा

हेझमीटर उपलब्ध असेल तर एएसटीएम डी १००३ या अमेरिकी मानकाप्रमाणे एकूण पारगमन (फिल्ममधून पार जाणारा सगळा प्रकाश) आणि हेझ हे दोन्ही घ्यावेत. पण हेझ म्हणजे नेमके काय हे ध्यानात ठेवावे: फिल्ममधून आलेल्या प्रकाशापैकी मूळ दिशेपासून २.५ अंशांपेक्षा जास्त वळलेला वाटा. तीन अंश वळलेला किरणही त्यात मोजला जातो आणि चाळीस अंश वळलेलाही. खालच्या पानांच्या दृष्टीने या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हेझ ३० टक्क्यांच्या वर गेला की केवळ त्या आकड्यावर विसंबू नये, कोनानुसार मोजणी करावी, अशी त्या मानकाचीच दिशा आहे.

कोनमापक यंत्र नसेल तर पुढची युक्ती क्रमवारी लावण्यापुरती उत्तम चालते. पांढऱ्या कागदावर एक काळा ठिपका काढून त्याभोवती ४.४ सेंटिमीटर त्रिज्येचे एक आणि २६.८ सेंटिमीटर त्रिज्येचे दुसरे वर्तुळ काढावे. कागद भिंतीला लावून बरोबर एक मीटरवर फिल्मचा ताणलेला तुकडा धरावा आणि अंधाऱ्या खोलीत लेझर पॉइंटरचा किरण फिल्ममधून ठिपक्यावर सोडावा. आतल्या वर्तुळाबाहेर पडणारा प्रकाश २.५ अंशांहून जास्त वळलेला असतो आणि बाहेरच्या वर्तुळापलीकडचा १५ अंशांहून जास्त. मोबाइलचे एक्स्पोजर एकदा ठरवून न बदलता सगळ्या नमुन्यांचे फोटो घ्यावेत. कॅल्साइटच्या फिल्ममागे मधोमध एक टोकदार चमक आणि भोवती फिकट धुके, तर सिलिकॉन मण्यांच्या फिल्ममागे कडेपर्यंत हळूहळू मावळत जाणारा गुळगुळीत गोल, हा फरक एकदा पाहिला की विसरत नाही. किरणाकडे किंवा त्याच्या परावर्तनाकडे डोळा नेऊ नये, हे सांगायला नकोच.

एकूण पारगमनासाठी लक्समीटर थेट फिल्मखाली धरू नये. विखुरलेला प्रकाश बाजूला जातो आणि आकडा फसवतो. थर्मोकोलचा आतून पांढरा असलेला जाडसर खोका घ्यावा, झाकणाला छोटे भोक पाडावे, आत मीटरचा सेन्सर भिंतीकडे तोंड करून ठेवावा आणि भोकातून थेट येणारा प्रकाश त्याच्यावर पडू नये म्हणून थर्मोकोलचाच एक तुकडा आडवा लावावा. आधी भोक उघडे ठेवून, मग फिल्म लावून, मग पुन्हा उघडे ठेवून अशी तीन वाचने घ्यावीत. पहिल्या आणि तिसऱ्यात फरक दिसला तर मधेच ढग आला असे समजून वाचन टाकून द्यावे. भोक खोक्याच्या मानाने लहान हवे, नाहीतर पांढरी फिल्म आतला उजेड परत आत ढकलते आणि स्वतःची टक्केवारी वाढवून घेते. हीच मोजणी ढगाळ दिवशी पुन्हा करावी. तिरप्या प्रकाशातले हे पारगमन निरभ्र दुपारच्या आकड्यापेक्षा कमी येते आणि मावळातल्या पावसाळ्याचा खरा अंदाज तेच देते.

आता आलेख काढावा. आडव्या अक्षावर हेझ, उभ्या अक्षावर एकूण पारगमन. प्रत्येक फिलरचे चार डोस चार बिंदू देतात; ते जोडले की प्रत्येक फिलरची एक रेषा मिळते. समजा आपल्याला ६० टक्के हेझ हवा आहे, तर ६० वर उभी रेघ मारावी आणि ती ज्या रेषेला सर्वांत वर छेदते तो फिलर पुढे. टायटॅनियम डायऑक्साइडची रेषा इथे धाडकन खाली आलेली दिसेल. डोस वाढवत गेले की हेझ एका उंचीवर जाऊन थांबतो, पण पारगमन घसरतच राहते. त्या वळणापलीकडे टाकलेला प्रत्येक किलो फिलर फक्त उजेड खातो.

रात्रीची ऊब

२० अंश तापमानाच्या जमिनीतून निघणाऱ्या उष्णतेच्या प्रारणाचे शिखर १० मायक्रॉनच्या आसपास असते, आणि निरभ्र आकाशही ८ ते १३ मायक्रॉनच्या दरम्यान हे प्रारण जवळजवळ सरळ अवकाशात जाऊ देते. साधे पॉलिथिलिन या पट्ट्यात बरेचसे पारदर्शक असल्यामुळेच डिसेंबरच्या निवांत, निरभ्र पहाटे साध्या पेपरखालचे तापमान कधीकधी बाहेरच्यापेक्षाही खाली जाते. एफटीआयआर या अवरक्त किरण मोजणाऱ्या यंत्रावर ७ ते १३ मायक्रॉनमधील सरासरी पारगमन काढणे हा रीतसर मार्ग आहे. पॉलिहाऊस फिल्मच्या ईएन १३२०६ या युरोपीय मानकातही हाच पट्टा धरतात.

यंत्र नसेल तर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा, स्पर्श न करता तापमान दाखवणारा थर्मामीटर घ्यावा. हे थर्मामीटर बहुधा ८ ते १४ मायक्रॉनमध्येच पाहतात, म्हणजे आपल्याला हवे तिथेच. बाहेरून काळा रंग दिलेला पत्र्याचा डबा उकळत्या पाण्याने भरावा, थर्मामीटर एका जागी पक्का बांधावा आणि दोहोंच्या मधे, डब्यापासून दूर, फिल्म क्षणभर धरून वाचन घ्यावे. कोऱ्या फिल्ममधून डबा अजून गरमच 'दिसतो'. केओलिनच्या फिल्ममधून वाचन बरेच खाली येते. वाचनातील घट आणि अडवलेली उष्णता यांचे गणित सरळ रेषेत नसते, तेव्हा यावरून टक्केवारी काढू नये, फक्त क्रम लावावा. चकचकीत स्टीलचे भांडे वापरू नये. ते स्वतःची उष्णता सोडण्यात कंजूष असते आणि वाचन मुळातच चुकते. मधल्या थरात ईव्हीए हे प्लास्टिक असेल तर तेही काही उष्णता अडवते, म्हणून कोरी फिल्मही त्याच कृतीची हवी.

गंधकापुढे टिकणे

गुलाबावरच्या भुरीसाठी पॉलिहाऊसमध्ये गंधकाची वाफ सोडतात, आणि हाल्स जातीच्या अतिनील संरक्षकाला गंधक व क्लोरीनची आम्लधर्मी संयुगे निष्प्रभ करतात. निकेल क्वेंचर हा दुसऱ्या जातीचा संरक्षक गंधकाला जास्त तोंड देतो, पण फिल्मला पिवळट-हिरवट छटा आणतो. इथे फिलरचा दुसरा चेहरा दिसतो. सिलिका किंवा न लेपलेली माती संरक्षक शोषून हा त्रास वाढवते. हायड्रोटाल्साइट आम्ल बांधून तो कमी करतो.

म्हणून आलेखावर पुढे आलेले दोन-तीन फिलर घेऊन प्रत्येकाच्या दोन पट्ट्या तयार कराव्यात: एक साधी आणि एक आधी गंधकाच्या वाफेत ठेवलेली. दोन्ही झेनॉन किंवा अतिनील दिव्याच्या कपाटात ठेवाव्यात आणि ठरावीक अंतराने तुटण्यापूर्वी पट्टी किती लांबते ते मोजावे. मूळ लांबणीच्या निम्म्यावर आली की फिल्मचे आयुष्य संपले असे धरतात. कपाटाशिवाय काम भागवायचे असेल तर छपरावर दक्षिणेकडे तोंड करून पट्ट्या लावाव्यात. वेळ लागेल, पण खोटे उत्तर मिळणार नाही. चौकटीच्या लोखंडी नळीला टेकलेला भाग आधी तुटतो, कारण ती नळी उन्हात तापते. निदान एक पट्टी तशीच टेकवून ठेवावी.

थेंबरोधक रसायनाची परीक्षा सोपी आहे. गरम पाण्याच्या भांड्यावर फिल्म तिरकी ताणून रात्रभर ठेवावी, सकाळी थेंब लटकलेले आहेत की पाण्याचा सलग पातळ पापुद्रा आहे ते पाहावे, आणि हे आठवडाभर रोज करावे. फिलरच्या फिल्मवर थेंब कोऱ्या फिल्मपेक्षा आधी दिसू लागले तर भुकटी ते रसायन गिळते आहे असे समजावे.

दर किलोवर नव्हे, चौरस मीटरवर

आपल्याकडे पेपर बहुधा किलोवर विकला जातो, आणि इथेच जड फिलर शेतकऱ्याच्या खिशात हात घालतो. २०० मायक्रॉनच्या साध्या एलडीपीई फिल्मचे वजन चौरस मीटरला १८४ ग्रॅम, म्हणजे एका किलोत ५.४३ चौरस मीटर. वजनाने ५ टक्के बेरियम सल्फेट घातले की मिश्रणाची घनता ०.९५८ होते, चौरस मीटरला १९१.६ ग्रॅम लागतात आणि किलोत ५.२२ चौरस मीटरच मिळतात. किलोचा दर तोच ठेवून सुमारे ४ टक्के क्षेत्र नाहीसे झाले. घनफळाने २ टक्के गाठण्यासाठी ८.९ टक्के वजन लागते, तेव्हा हा फरक आणखी वाढतो. दरपत्रकात म्हणून तीन रकाने करावेत: चौरस मीटरची किंमत, ठरवलेल्या हेझवरचे पारगमन आणि गंधकासह अपेक्षित आयुष्य. पहिल्या रकान्याला तिसऱ्याने भागले की वर्षाचा खर्च मिळतो, आणि सिलिकॉन मण्यांची फिल्म तिथे पहिल्या नजरेला वाटते तेवढी हास्यास्पद महाग राहते का, ते ज्याने त्याने आपल्या खरेदीच्या दरांवर तपासावे.

मावळातल्या गुलाबासाठी माझ्या वहीत सध्या सर्वांत वर आहे ते मधल्या थरात लेप दिलेले भाजलेले केओलिन आणि जोडीला थोडे हायड्रोटाल्साइट. केओलिनचा डोस आलेखावरच्या त्या वळणाच्या अलीकडे थांबवलेला असतो. निफाडकडच्या हिवाळ्यासाठी मी हायड्रोटाल्साइट वाढवतो, केओलिन नाही.

शेवटची पायरी कंटाळवाणी आहे आणि हमखास राहून जाते. प्रत्येक चाचणीच्या फिल्मचा एक मीटर तुकडा, रोल क्रमांक, फिलरच्या खेपेचा क्रमांक, जाडीची दहा वाचने आणि धुरकट रेषेची उंची लिहून काळ्या पिशवीत बंद करून ठेवावा. दोन वर्षांनी कोणाचा पेपर लवकर फाटल्याची तक्रार आली, तर छपरावरून उतरवलेला तुकडा आणि पिशवीतला तुकडा शेजारी ठेवून त्याच थर्मोकोलच्या खोक्यात मोजता येतो.